मामंजींच्या कपाटातली प्रेमकथा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एकतीस वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे गावात मराठी हायस्कूल नव्हतं म्हणून कन्नड माध्यम, मग बेळगावात बी.कॉम. आता शहरातल्या एका क्रेडिट सोसायटीत नोकरी. रोज जाऊन-येऊन दीड-पावणेदोन तास बसमध्ये जातात. त्या वेळात त्या मोबाईलवर भागाभागानं येणाऱ्या प्रेमकथा वाचतात, आणि त्या त्यांना मनापासून आवडतात. सासरे निवृत्त शिक्षक. त्यांचं पुस्तकांचं काचेचं कपाट घरात मानाच्या जागी आहे. एकदा त्यांनी सुनेच्या मोबाईलकडे बघून ‘असलं वाचून काय मिळतं?’ म्हटलं आणि कपाटातून ‘स्वामी’ काढून हातात दिलं. चार महिने झाले, साठाव्या पानापुढे गाडी गेलेली नाही. मामंजींनी विचारलं की ‘वाचतेय’ असं सांगून त्या वेळ मारून नेतात. त्या विचारतात: ‘आधी अभिजात पुस्तकं वाचायला हवीत ना? ती कुठल्या क्रमानं वाचू? प्रेमकथा सोडून देऊ का? माझं मराठी कच्चं आहे, ते आधी सुधारू का? आणि वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं शोधायची तरी कुठे? दुकानात गेलं की काय मागायचं तेच कळत नाही.’

ताई,

पुस्तक न वाचल्यानं माणूस थकत नाही. ‘वाचतेय’ असं चार महिने सांगत राहिल्यानं मात्र फार थकतो. म्हणून आधी त्या साठाव्या पानाचं बघू.

‘स्वामी’ तुमच्या हातात इतिहास म्हणून आलं. मामंजींनी ते तसंच दिलं असणार आणि तुम्हीही ते परीक्षेच्या पुस्तकासारखं उघडलंत. कोण कुणाचा काका, कुठला सरदार, कुठली मोहीम हे सगळं लक्षात ठेवायचं ओझं घेऊन कोणीही साठाव्या पानावर बसकण मारेल. पण सांगू का, मामंजींनी तुमच्या हातात प्रेमकथाच दिली आहे. पानिपतानंतर 1761 मध्ये सोळा वर्षांचा मुलगा पेशवा होतो. डोक्यावर राज्याचं कर्ज, घरात गादीवर डोळा ठेवून बसलेला काका, बाहेर एकामागून एक मोहिमा. आणि वाड्यात रमा, जिच्याशी निवांत चार शब्द बोलायला त्याला सवड सापडत नाही. मग क्षय लागतो. 1772 मध्ये थेऊरला माधवराव गेले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, आणि रमाबाई सती गेल्या. कामात बुडालेला नवरा आणि त्याच्या एका मोकळ्या संध्याकाळची वाट बघणारी बायको: तुमच्या बसमधल्या कथांत ही जोडी किती वेळा भेटली असेल!

तेव्हा एक करा. पहिल्या पानाकडे परत जाऊ नका. साठवरूनच पुढे चला, मसलतींची पानं आली तर चाळा, आणि रमाबाई आल्या की थांबून सावकाश वाचा. थेऊरपर्यंत पोचलात की गाळलेली पानं वाचावीशी वाटतील. नाही वाटली तरी पुस्तक तुमचं झालेलं असेल. हे लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे, चंदगड तालुक्यातले, म्हणजे कोल्हापूरपेक्षा बेळगाव ज्यांना जवळ. परक्या मुलखातल्या विद्वानाचं पुस्तक म्हणून त्याला बिचकू नका.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे वळते. तो शब्द म्हणजे ‘आधी’. आधी अभिजात वाचायला हवं, आधी मराठी सुधारायला हवं. जणू वाचन म्हणजे यत्ता आहेत, प्रेमकथा बालवाडीत बसतात आणि वरच्या वर्गात जायला दाखला लागतो. हा समज तुमच्या एकटीचा नाही. मी बरीच वर्षं एका लहान वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसले आहे, आणि हा समज घेऊन येणारी माणसं रोज बघितली आहेत. प्रेमाची कादंबरी घेणाऱ्या बायका ती पिशवीत खाली ठेवायच्या आणि वर एखादं चरित्र.

तिथलीच एक गोष्ट. आमच्याकडे पुस्तकं फाटू नयेत म्हणून सगळ्यांना एकसारखी बांधणी करत: तपकिरी पुठ्ठा, काळ्या कापडाची पाठ. एक आजी फक्त रहस्यकथा न्यायच्या. एकदा गर्दीत त्यांच्या हातात लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ गेलं. मला दोन दिवसांनी लक्षात आलं आणि वाईट वाटलं. आठवड्यानं आजी आल्या आणि म्हणाल्या, ‘ह्या बाईचं अजून काही असेल तर दे.’ अकराव्या वर्षी लग्न, विलक्षण हट्टी कवी नवरा, 1895 मध्ये त्याचं धर्मांतर, मग ताटातूट, आणि काही वर्षांनी त्याच नवऱ्याबरोबर पुन्हा मांडलेला संसार. आजींनी ते ‘पुढे काय होतं’ म्हणून वाचलं होतं. आत्मचरित्र हा साहित्यप्रकार आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं. तेव्हापासून मी पुस्तक देताना प्रकार सांगायचं सोडलं आणि गोष्ट सांगायला लागले.

मामंजींशी बोलायला उपयोगी पडेल असं एक वर्ष तुम्हाला देते: 1962. त्या एका वर्षात मराठीत तीन प्रेमकथा आल्या. एक ‘स्वामी’, जिला दोन वर्षांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसरी पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’, लहानशी, सगळी पत्रांतून सांगितलेली. तिसरी चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’, जी ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या खटल्यात सापडली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1969 मध्ये न्यायालयानं ती अश्लील नाही असं ठरवून लेखकाला सोडलं. तिन्ही कथांची योग्यता सारखी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या मते ‘सावित्री’ त्यांत सगळ्यात दूरवर जाते. पण एका वर्षाच्या प्रेमकथांपैकी एक काचेच्या कपाटात, एक अभ्यासकांच्या टेबलावर आणि एक कोर्टात गेली, हे ध्यानात ठेवा. मामंजी त्या काळात तरुण असतील तर त्यांना विचारून बघा, तेव्हा मित्रमंडळींत कुठलं पुस्तक लपवून फिरत होतं. टोमणा म्हणून नको, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा. जुने शिक्षक अशा प्रश्नावर फार छान बोलतात.

थोडं मागेही जाऊ. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 1857 ची ‘यमुनापर्यटन’. तिचे कर्ते बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मले. विषय विधवांचे हाल आणि पुनर्विवाह. म्हणजे मराठी कादंबरी जन्मली तीच ‘बाईच्या वाट्याला सुखाचा संसार यावा की नाही’ हा प्रश्न घेऊन. तुमच्या मोबाईलवरच्या कथांचा प्रश्न पुष्कळदा हाच असतो.

तर प्रेमकथा सोडू नका. त्यांच्यातूनच वाट काढायची आहे. कशी ते सांगते, आणि हे तुमच्यासारख्या इतरांनाही लागू पडेल, मग त्यांची आवड रहस्यकथा असो की भुताच्या गोष्टी.

एखादी कथा संपली की वहीत एक ओळ लिहा: यातलं काय मला सोडवत नव्हतं? ‘लव्ह स्टोरी छान होती’ असं नको, नेमकं लिहा. पाच-सहा ओळी झाल्या की तुमची आवड तुम्हालाच दिसायला लागेल, आणि ती कुठल्याच एका कपाटात मावणारी नसेल.

समजा, तुम्ही लिहिलंत की त्याची वाट बघण्याचे प्रसंग आवडतात. मग ‘सावित्री’ घ्या. आणि इंदिरा संतांच्या कविता घ्या. इंदिराबाई बेळगावच्याच म्हणायच्या. आयुष्य इथे काढलं, इथेच शिकवलं. 1946 मध्ये त्यांचे पती, कवी ना. मा. संत, गेले. नंतरच्या ‘शेला’, ‘मेंदी’ या संग्रहांत जे वाट बघणं आहे, ते कधीच न येणाऱ्या माणसासाठीचं आहे. कविता म्हटलं की आपल्याला पाठांतर आणि संदर्भासहित स्पष्टीकरण आठवतं. ते विसरा. एक कविता दोन स्टॉपच्या मधे वाचून होते. मग मोबाईल बंद करा आणि खिडकीबाहेर बघा. मी वेगवेगळ्या वयाच्या बायकांना इंदिराबाई वाचायला दिल्या आहेत, आणि ‘समजलं नाही’ म्हणून पुस्तक परत आलेलं मला आठवत नाही.

समजा, तुम्ही लिहिलंत की दोघांच्या हातात थोडेच दिवस आहेत ही हुरहुर आवडते. मग विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, 1939 ची. युरोपातून मुंबईला येणारी बोट, एक मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी हॅर्टा. मुंबई जसजशी जवळ येते तसतसा वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. पुस्तक बारीक आहे, तुमच्या चार-पाच दिवसांच्या बसचं. अभिजात म्हणजे जाड, ही भीती मोडायला माझ्याकडे याहून चांगलं औषध नाही.

लग्नानंतरचं, धुसफुशीचं, मुलं-नोकरी-मैत्री सगळं एकात एक गुंतलेलं प्रेम हवं असेल तर गौरी देशपांडे यांच्या दीर्घकथा वाचा. ‘एकेक पान गळावया’पासून सुरुवात करा. त्यातल्या बायका काही वेळा रागही आणतात, तरी वाचा. जी. ए. कुलकर्णी मात्र जरा थांबून घ्या. बेळगावात वाढलेला, धारवाडला शिकवणारा एवढा मोठा लेखक आपला आहे म्हणून पुष्कळजण एकदम ‘काजळमाया’ उचलतात आणि दमतात. ‘निळासावळा’ किंवा ‘पारवा’ आधी. हा एकच ‘आधी’ मी तुम्हाला सांगणार आहे.

आता मराठी कच्चं असण्याबद्दल. ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते कच्च्या मराठीतलं नाही, बेळगावी मराठीतलं आहे. आपण घरात ‘काय करूलालास’ म्हणतो आणि पुस्तकात ‘काय करतो आहेस’ असतं, एवढ्यानं आपल्याला वाटतं की पुस्तकातली भाषा दुसऱ्यांची. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ उघडा. हे इंदिराबाईंचे चिरंजीव. 1994 च्या या पुस्तकात लंपन नावाचा मुलगा आजी-आजोबांच्या गावी राहतो, आणि त्याचं बोलणं आपल्या मुलखातलं, कन्नडच्या वळणाचं आहे. लंपन आणि सुमीची सोबत वाचताना तुमच्यातली प्रेमकथेची वाचकही खूश होईल. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ आहेतच. ही चार पुस्तकं वाचून झाली की ‘माझं मराठी’ हा शब्द तुम्ही वेगळ्या आवाजात उच्चाराल अशी माझी खात्री आहे.

आणि तुमच्या कन्नड शाळेचं तुम्ही असं लिहिलंय जणू तिथे काही हरवलं. मला तर ती तुमची मिळकत वाटते. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी 1959 ची. त्याच सुमारास गिरीश कर्नाडांनी त्याच कथेवर कन्नडमध्ये नाटक लिहिलं. पुण्यातल्या किती वाचकांना ही दोन्ही पुस्तकं ज्या त्या भाषेत शेजारी ठेवून वाचता येतील? तुम्हाला येतील. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडमध्ये कविता लिहीत, त्या कविता तुम्हाला कुणी समजावून द्यायची गरज नाही.

याच वाटेवरचं एक पुस्तक मी तुमच्यासाठी मुद्दाम बाजूला काढलं आहे: एस. एल. भैरप्पांचं ‘वंशवृक्ष’. मूळ कन्नड 1965 चं, मराठी अनुवाद उमा कुलकर्णी यांचा. उमाताईंचा जन्म बेळगावचा, आणि या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. कथेत तरुण विधवा कात्यायनी आहे. ती शिकायला बाहेर पडते, प्रेमात पडते, दुसरं लग्न करते. आणि तिचे सासरे श्रीनिवास श्रोत्री आहेत, विद्वान, धर्मनिष्ठ, मनानं मोठे. भैरप्पांनी दोघांपैकी कुणालाही सोपं सोडलेलं नाही, आणि माझं मन दर वाचनात वेगळ्या बाजूला झुकलं आहे. प्रेमकथा म्हणून सुरुवात करा. दोन्ही भाषांतली प्रत मिळाली तर एखादं प्रकरण कन्नडमधून वाचून बघा.

शोधायचं कुठे? दुकानात शेवटी जा. काउंटरवर ‘काय हवं?’ विचारलं की आपण गोंधळतो आणि समोर रचलेलं यशाचं पुस्तक घेऊन बाहेर येतो. सुरुवात वाचनालयापासून. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं आहे, आणि गावोगावी लहान वाचनालयं आहेत. वर्गणी एका कादंबरीच्या किमतीपुढे काहीच नसते. कपाटापर्यंत जाऊ देत असतील तर पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी बघा. नव्या पुस्तकावर दाट तारखा असतात, ते साहजिक आहे. पण तीस वर्षांच्या जुन्या पुस्तकावर गेल्या दोन वर्षांतल्याही चार-पाच तारखा असतील तर ते उचला. कुणीतरी कुणाला तरी सांगत आलंय म्हणूनच ते अजून फिरतंय. मग पुस्तक मधेच, साधारण दोन तृतीयांशावर उघडून तीन पानं वाचा. पहिलं पान प्रत्येक लेखक नटवून लिहितो. तिथवर आल्यावर मात्र तो आपल्या खऱ्या आवाजात बोलायला लागलेला असतो. तो आवाज आवडला तर घरी न्या. नाही आवडला तर परत ठेवा. आणि नेलेलंही पन्नास पानांनंतर नको वाटलं तर परत करा, ते पुस्तक तुमच्यावर रागावत नाही.

थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी बघायला, भाषणं ऐकायला आपण जातो. या वर्षी पुस्तकांच्या स्टॉलवर तासभर काढा. पहिल्या फेरीत पैसे काढू नका, नुसतं चाळा. विकणाऱ्याला ‘प्रेमकथा आहे का?’ विचारायला लाजू नका. त्याच्यापुढे तुमची वहीतली ओळच ठेवा, ‘बोटीवर भेटलेल्या दोघांसारखं अजून काही आहे का?’ म्हणून. अशा प्रश्नाला पुस्तकवाला जीव लावून उत्तर देतो.

आणि तुम्ही सोसायटीत काम करता, तर भिशी तुम्हाला मी समजवायला नको. पाच मैत्रिणींची पुस्तकांची भिशी लावा. महिन्याला शंभर रुपये, म्हणजे पाचशे जमतात. जिचा नंबर निघेल तिनं पुस्तक निवडायचं. अट एकच: मागच्या महिन्यात ज्या प्रकारचं घेतलं त्या प्रकारचं या महिन्यात नाही. प्रेमकथेनंतर प्रवासवर्णन, मग रहस्यकथा, मग आत्मचरित्र, कधी नाटक. पुस्तक पाचजणींत फिरतं आणि शेवटी जिचा नंबर होता तिच्याकडे राहतं. चर्चासत्र नको, डबा खाताना दोन वाक्यं बोललात तरी पुरे. एकटीनं आपण आपल्या आवडीच्या भोवतीच फिरत राहतो. शेजारच्या टेबलावरची बाई आपल्याला जे वाचायला लावेल ते आपल्या मोबाईलला कधीच सुचणार नाही.

मोबाईलबद्दल एक काळजीही सांगते. तिथे तुम्ही एक कथा वाचली की तसल्याच दहा पुढे येतात, प्रत्येक भाग ऐन क्षणी तुटतो, आणि पुष्कळ ठिकाणी पुढचा भाग उघडायला पैसे मागतात. महिन्याला किती जातात ते एकदा मोजा. दुसरं, काही कथांमध्ये नायक तिच्यावर ओरडतो, फोन तपासतो, हात उगारतो, आणि त्याला प्रेमाचं वेड म्हणतात. तसली कथा हातात आली की मिटा. ही गोष्ट मी साहित्याच्या चवीसाठी सांगत नाहीये. तुमच्यासारख्या कमावत्या, जाणत्या बाईच्या मनातही ‘प्रेम असंच असतं’ हे हळूच घर करतं, याची मला भीती वाटते. बाकीच्या खुशाल वाचा.

मामंजींचं शेवटी सांगते. त्यांनी तुमचा मोबाईल बघून जे म्हटलं ते बोचलं, हे समजतं. पण लगेच उठून त्यांनी कपाट उघडलं, हेही विसरू नका. काचेच्या कपाटातलं पुस्तक स्वतः काढून सुनेला देणारे सासरे मी फार बघितलेले नाहीत. त्यांना आज संध्याकाळी खरं सांगा: ‘मामा, साठाव्या पानावर अडकले होते. आता रमाबाईंच्या मागोमाग वाचणार आहे.’ ते थोडा वेळ गप्प बसतील, मग बहुतेक थेऊरबद्दल बोलायला लागतील. त्यांना बोलू द्या. आणि ‘वंशवृक्ष’ तुमचं वाचून झालं की श्रोत्रींच्या एखाद्या पानावर खूण घालून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवा.

भिशीत पहिलं पुस्तक कुठलं निघालं ते कळवा. मीही ते त्या महिन्यात वाचीन.